तुळस सोडून

आग्नेसने तुळशीच्या खोडावर नखाने ओरखडा काढून पाहिला. साल सुटून आली, आत हिरवं काही दिसलं नाही. तिने वरची एक फांदी वाकवली, तर ती न वाकता कट्कन मोडून हातात आली. दुसरीही तशीच. काळ्या पडलेल्या मंजिऱ्यांचा चुरा झग्यावर सांडला. तो झटकता झटकता तिने दोन अंगणांमधल्या दगडी गडग्याकडे चोरटी नजर टाकली. शेजारणीच्या, सुगंधाच्या, अंगणात ती सकाळी येते हे साऱ्या वाडीला माहीत होतं, तरी आज आपल्याला कुणी बघू नये असं तिला वाटत होतं.

गडग्यापलीकडे आग्नेसच्या घराच्या पडवीत तिचा नवरा मॅन्युएल खुर्चीत बसला होता आणि सगळं बघत होता.

"मेली?" त्याने विचारलं.

झारी उचलून आग्नेस अबोलीकडे वळली.

सुगंधाच्या पायऱ्यांवर आणि अंगणाच्या कडेने कुंड्याच कुंड्या होत्या. अबोली, मोगरा, दोन रंगांच्या जास्वंदी, कळ्यांनी लगडलेली शेवंती, फुटक्या बादलीतला कढीपत्ता. महिनाभर आग्नेसने त्यांची अशी काही निगा राखली होती की रस्त्याने जाणारं माणूस थांबून बघत होतं. शेवंतीला तिने काठ्या बांधल्या होत्या, जास्वंदीवरचा पांढरा मावा जुन्या टूथब्रशने घासून काढला होता. आणि या सगळ्या हिरवाईच्या मधोमध, सिमेंटच्या वृंदावनात, खराटा उलटा रोवून ठेवावा तशी ती तुळस उभी होती.

आज सुगंधा येणार होती. मांडवी एक्स्प्रेसने कुडाळला उतरणार, पुतण्या बाबू रिक्षा घेऊन आणायला जाणार, पाचपर्यंत घरी. परवा तुळशीचं लग्न.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुगंधाला घाईघाईने डोंबिवलीला जावं लागलं होतं. तिच्या लेकीचा, दिव्याचा, पाय मोडला होता आणि घरात लहान मूल. निघायच्या आधी तिने आग्नेसच्या हातात किल्ली दिली आणि एकेका कुंडीपाशी नेऊन सांगितलं. अबोलीला रोज, मोगऱ्याला एक दिवसाआड, कढीपत्त्याला आठवड्यातून एकदा आंबट ताक. आग्नेस मान हलवत मागून चालत होती. वृंदावनापाशी सुगंधा क्षणभर थांबली. पदर सारखा केला. मग काही न बोलता पुढे गेली आणि पंपाचं बटण कसं अडकतं ते दाखवू लागली.

ते थांबणं आग्नेसने बघितलं होतं. आणि ते तिला झोंबलं.

झोंबायला कारण जुनं होतं. सुगंधाची सासू होती तेव्हा नाताळच्या करंज्या, म्हणजे नेवऱ्या, घेऊन आग्नेस आली की म्हातारी गोड हसायची, ताट पदराच्या टोकाने धरायची आणि नेवऱ्या पोरांना वाटून टाकायची. तुळशीच्या बाजूच्या पायरीवर आग्नेसने बसायचं नाही, हे कुणी कधी बोललं नाही, पण आग्नेस तिथे कधी बसली नाही. म्हातारी जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. सुगंधा तशी नव्हती. तिच्या स्वयंपाकघरात आग्नेस खुशाल चहा करून घ्यायची. म्हणून तर ते जास्त लागलं. सगळ्या कुंड्या आपल्या, आणि तुळस तेवढी त्यांची.

आग्नेसने पोस्टात काउंटरवर नोकरी केलेली. सांगितलं ते चोख करायचं, सांगितलं नाही त्यात बोट घालायचं नाही, हा तिचा खाक्या. तोच तिने इथे लावला. पहिल्या आठवड्यात ती स्वतःला सांगत होती की तुळशीला पाणी घालायला बाबू येत असेल, आपली वेळ चुकत असेल. मग ऑक्टोबरचं ऊन तापलं, तुळशीच्या माना पडल्या आणि बाबू काही येत नाही हे उघड झालं. तरी ती झारी घेऊन बाजूने जायची. मॅन्युएलने एकदा गडग्यावरून विचारलंच.

"मला काही सांगितलेलं नाही," असं ती फणकारून म्हणाली, तेही ऑफिसातल्यासारखं शुद्ध मराठीत.

"तुका सांगूक नाय ह्या त्या तुळशीक काय ठावक?" मॅन्युएल म्हणाला.

सुगंधाचा फोन यायचा. मोगरा कसा आहे, शेवंतीला कळ्या धरल्या का, सगळं विचारायची. तुळशीचं नाव काढायची नाही. आग्नेसही काढायची नाही. प्रत्येक फोननंतर तिचा राग ताजा व्हायचा. अशाच एका संध्याकाळी सगळ्या कुंड्या झाल्या आणि झारीत पाणी उरलं. ती वृंदावनासमोर उभी राहिली. पानं चुरगळून काळपट पडली होती, पण शेंड्याला अजून थोडा हिरवा रंग होता. आग्नेस बराच वेळ उभी होती. मग वळली आणि उरलेलं पाणी माडाच्या मुळात ओतून घरी आली.

त्या रात्री तिला स्वतःचीच किळस आली. दुसऱ्या दिवसापासून तिने सकाळ-संध्याकाळ तुळशीला पाणी ओतलं, माती हलवली, सावलीला गोणपाट बांधलं. माती भिजली. तुळस उठली नाही.

आज कुंड्यांचं आटपून ती बाजाराला निघाली. सोमवार होता. मॅन्युएलच्या चष्म्याची दांडी बसवून घ्यायची होती, वड्यांचं पीठ गिरणीतून आणायचं होतं, पाव घ्यायचे होते. तिने ती सगळी कामं आधी केली. चष्मेवाल्याकडे गर्दी नव्हती, तरी ती बाकावर बसून राहिली. गिरणीवाल्याने पीठ आधीच दळून ठेवलं होतं, तर तिने ते उघडून जाड आहे की बारीक हे बोटांत धरून बघितलं. मनात एकच काम होतं आणि ते करायला पाय उचलत नव्हता.

मासळीबाजाराच्या वळणावर मथुरा बसली होती. कट्टा गावाकडून दर सोमवारी ती भाजी घेऊन येई. आज तिच्यापुढे उसाच्या कांड्या होत्या, चिंचा-आवळ्यांचे डहाळे होते, झेंडू होता, आणि मागे सावलीला प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून तुळशीची रोपं. आग्नेसने आधी झेंडूचा भाव विचारला. मग दोडके चाचपले. मग रोपांकडे न बघता विचारलं, ही तुळस कशी दिली.

मथुराने आधी तिच्या झग्याकडे पाहिलं, मग गळ्यातल्या क्रुसाकडे, आणि हसून म्हणाली, तुमच्यात कधीपासून लावायला लागले तुळशीचं लग्न? त्यात वाकडं काही नव्हतं. दरवेळी दोघींची अशी थट्टा चालायची. पण आग्नेसच्या तोंडून भलतंच निघालं. मॅन्युएलला खोकला झालाय, ती म्हणाली, काढ्याला हवी.

"काढ्याक झाड कित्याक व्हया?" असं म्हणत मथुराने स्वतःच्या टोपलीतून मूठभर पानं काढून तिच्या हातावर ठेवली. वर आलं किती, मिरी किती, हेही सांगितलं. आग्नेसला ऐकून घ्यावं लागलं. पानं मुठीत धरून ती दोन दुकानं पुढे गेली, नारळवाल्यापाशी थांबली आणि परत आली.

"रोपच दी," ती म्हणाली.

मथुराने या वेळी थट्टा केली नाही. मागे वळून चार रोपं बाजूला सारली, त्यातलं भरदार होतं ते काढलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळताना हलक्या आवाजात विचारलं, कुणाच्या दारातली गेली का. आग्नेसने होकाराची मान हलवली. मथुराने पुढे काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं आग्नेसला वाटलं. साठी उलटलेल्या बाईने खोकल्याचं खोटं बोलावं आणि ते पकडलं जावं, आणि पकडणाऱ्याने वर सांभाळून घ्यावं. तिला मान वर करवेना.

भरड नाक्यावर बाबूने हाक मारली. त्याची रिक्षा रिकामी होती आणि जेवून कुडाळला निघायच्या आधी तो घराकडेच चालला होता. नको म्हणायला सबब नव्हती. आग्नेस आत बसली, वर्तमानपत्राचं बोचकं पायांपाशी ठेवलं आणि त्यावर पिठाची पिशवी टेकवली. बाबू बोलका. दिव्याचं प्लॅस्टर निघालं, काकी किती कंटाळलीय तिकडे, पर्यटकांनी रस्ता कसा अडवून ठेवलाय, सगळं सांगत होता. आग्नेस हं हं करत होती. देऊळवाड्याच्या उतारावर तिने विचारलं. शक्य तितक्या सहज आवाजात.

"बाबू, तुका तुळशीक पाणी घालूक सांगल्यान होता काय रे सुगंधान?"

"माका? नाय गो मावशी." त्याने आरशातून तिच्याकडे बघितलं. "तू आसस मा शेजाराक. माका कित्याक सांगतली?"

एवढंच म्हणून तो पुन्हा पर्यटकांवर घसरला.

आग्नेसचे कान गरम झाले. म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगितलंच नव्हतं. कुंड्यांचं सांगावं लागतं, कारण एकीला रोज आणि एकीला एक दिवसाआड. तुळशीचं काय सांगायचं? शेजारीण बघेलच, असं सुगंधाने धरलं असणार. आपल्याला परकं मानलं म्हणून आपण महिनाभर धुमसत राहिलो आणि तिने तर आपल्याला सांगायचीही गरज नाही इतकं घरचं मानलं होतं. गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नाला ती आणि मॅन्युएल मडगावला गेले होते, तेव्हा त्यांच्या अंगणातल्या क्रुसापुढे, खुरसापुढे, रोज संध्याकाळी सुगंधाने मेणबत्ती लावली होती. आग्नेसने सांगितलंही नव्हतं. परत आल्यावर खुरसाच्या पायथ्याशी मेणाचा थर बघूनच तिला कळलं होतं. ते आता आठवलं आणि रिक्षातून उतरून कुठेतरी निघून जावं असं तिला झालं.

घरी येऊन तिने पाव फडताळात ठेवले आणि जेवायच्या आधीच कुदळी घेऊन गडगा ओलांडला. वाळलेलं खोड सहज निघेल असं वाटलं होतं. ते निघेना. वरून मेलेली तुळस मुळाशी घट्ट होती. आग्नेस गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी धरून ओढलं, आणि मुळं सुटली तेव्हा मागे आपटता आपटता वाचली. मॅन्युएल काठी टेकत गडग्यापर्यंत आला होता. तुळस कचऱ्यात टाकू नको, त्यांच्यात ती वाहत्या पाण्यात सोडतात, एवढं त्याने सांगितलं. मग ती ओल्या फडक्यात गुंडाळून तिने बाजूला ठेवली.

नवं रोप तिने जपून लावलं, माती दाबली. पण भर दुपारची वेळ. तासाभरात त्याची पानं खाली लोंबली. एवढ्या मोठ्या वृंदावनात ते बिचारं पोरकं दिसत होतं. ही तीच तुळस आहे असं आंधळ्यानेही मानलं नसतं. आग्नेस जेवताना मनात वाक्य जुळवत होती. कीड लागली. कीडच लागली, सुगंधा. अशी काळी बारीक कीड. मॅन्युएलने दुसऱ्यांदा आमटी वाढून घेतली तरी तिच्या ताटातला भात तसाच होता.

पाचच्या सुमारास रिक्षा वाजली. बाबूने बॅगा पायरीवर ठेवल्या आणि तो दुसऱ्या भाड्याला पळाला. सुगंधा उन्हाने आणि गाडीच्या धुळीने काळवंडली होती, पण चपला काढायच्याही आधी ती कुंड्यांकडे गेली. मोगऱ्यापाशी वाकली. जास्वंदीचं पान उलटं करून बघितलं. शेवंतीच्या काठ्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाली की माझ्या हातून हिला कधी एवढ्या कळ्या आल्या नाहीत. आग्नेस किल्ली हातात धरून मागे उभी होती. एकेक कौतुक तिला सुईसारखं टोचत होतं.

मग सुगंधा वृंदावनापाशी आली आणि थांबली. मान टाकलेलं रोप, ओली माती, मातीवर आग्नेसच्या बोटांचे ठसे.

"नवी?" तिने विचारलं.

"कीड—" आग्नेसने सुरुवात केली. आणि तिला पुढे बोलवेना. खोकल्याचं एक खोटं आजच्या दिवसाला पुष्कळ झालं होतं. तिने गडग्याकडे पाहिलं. मॅन्युएलची खुर्ची रिकामी होती. नेमका आत्ता तो आत गेला होता.

"कीड नाय," ती म्हणाली. "मी पाणी घालूक नाय. सुकताना माका दिसत होती. हातात झारी होती. एक दिस उरलेला पाणी माडाक ओतलंय, पण हिका घालूक नाय."

सुगंधाने पदर सारखा केला.

"तू सगळा दाखवलंस आणि हिच्याकडसून गप फुडे गेलंस. माका वाटला, माझो हात नको तुका. आज बाबूक इचारलंय. तू दुसऱ्या कोणाक सांगूकच नाय होतंस. माझ्यार सोडून गेलंस, आणि मी ह्या केलंय." तिने किल्ली पायरीवर ठेवली. "तुका तोंड दाखवची लाज वाटता."

सुगंधा पायरीवर बसली. चपला काढून तिने बाजूला ठेवल्या, पुन्हा उचलून नीट जोडून ठेवल्या. आता ती असू दे म्हणेल, झाड काय, दुसरं आलं, असं म्हणेल, याची आग्नेस वाट बघत होती. म्हणाली असती तर तिथेच सगळं मिटलं असतं.

"तू समाजलंस ता बरोबर समाजलंस," सुगंधा म्हणाली.

आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं आग्नेसला वाटलं.

"मी मुद्दाम फुडे गेलंय." सुगंधा चपलांकडे बघून बोलत होती. "सासू जावन इतकी वर्सां झाली. तिचा वागणा माका कधी पटूक नाय. पण त्या दिसा हयसर इलंय आणि तोंडातसून सबूदच येय ना. म्हटलंय, बाबूक सांगूया. थंय गेल्यार फोन हातात घेतलंय, मगे इचार इलो. बाबू एकट्या तुळशीक पाणी घालूक येतलो, आणि तू थंयच झारी घेवन उभी आसतलंस. तुका सगळा कळतला. म्हणान त्याका फोन करूक नाय."

"मगे माका सांगूचा होता."

"खंयच्या तोंडान सांगू? आदी तुका टाळलंय आणि मगे फोनार सांगू, आता तूच घाल?" ती जरा थांबली. "दर फोनाक मनात येय. मगे म्हटलंय, मेली तर मरांदे."

रस्त्याने पर्यटकांची गाडी गाणी वाजवत गेली. आग्नेसला आता रागवायचा हक्क होता. महिनाभर ती ज्यासाठी धुमसली ते खरं निघालं होतं. तिने तो राग शोधून पाहिला. पण माडाच्या मुळात ओतलेलं पाणी मध्ये येत होतं, आणि समोर बसलेल्या बाईचे कान आपल्या कानांसारखेच लाल झालेले तिला दिसत होते. बसावं म्हणून तिने जागा बघितली आणि तुळशीच्या बाजूच्या पायरीवर बसली. बसल्यावर लक्षात आलं की इथे ती आजवर बसली नव्हती. उठली मात्र नाही.

ऊन गडग्यावरून खाली उतरलं होतं. रोपाने मान आणखी टाकली होती.

सुगंधा उठली. पडवीतला लोटा घेऊन नळाखाली भरला आणि वृंदावनापर्यंत आली. तिथे ती थांबली. आग्नेसने तिचं ते थांबणं पुन्हा बघितलं आणि नजर खाली घातली.

"माझी आंघोळ नाय," सुगंधा म्हणाली. "अख्खो दिस रेल्वेत होतंय. तशी हात कसो लावू?"

आग्नेसने वर पाहिलं.

"तुझी झाली?"

"झाली. माती उकरल्यार परत केलंय."

"मगे धर." सुगंधाने लोटा पुढे केला. काठोकाठ भरलेलं पाणी दोघींच्या पायांवर सांडलं. "घाल गो. तिन्हीसांजा झाल्यार घालूचा नसता."

आग्नेसने लोटा घेतला. एका हाताने रोपाचा शेंडा वर धरून तिने मुळाशी बारीक धार सोडली. सुगंधा शेजारी उभी होती. पाणी मातीत जिरेपर्यंत दोघी एकमेकींकडे न बघता खाली बघत राहिल्या.

"आजून घाल," सुगंधा म्हणाली, आणि आग्नेस लोटा भरायला नळाकडे गेली.